घोड्याचा फोटो शोधणाऱ्यापर्यंत कसा पोहोचतो

लग्नाच्या वरातीतील घोडीच्या पाठीवरच्या भरजरी कापडाला झूल म्हणतात आणि तिच्या डोक्यावर खोवलेल्या तुऱ्याला कलगी म्हणतात, हे तबेल्यात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि लग्न साताऱ्यात ठरलेल्या एखाद्या तरुणाला मात्र हे शब्द ठाऊक असतीलच असे नाही. त्याने कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मोतिया रंगाची झूल आणि निळी कलगी पाहिलेली असते, ती त्याच्या मनात भरलेली असते आणि शोधताना नेमके काय लिहावे हे त्याला सुचत नसते. अशा वेळी तो मोबाइलवर तो फोटो उघडतो, झुलीभोवती बोटाने चौकट आखतो आणि तशाच दिसणाऱ्या इतर फोटोंची रांग त्याच्यासमोर उभी राहते. शब्दांऐवजी चित्रालाच प्रश्न म्हणून पुढे करण्याच्या या पद्धतीला आपण या लेखापुरते चित्रशोध म्हणू. त्या रांगेत साताऱ्यातल्या तबेल्याचा फोटो असावा आणि त्या फोटोवरून तबेल्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्या तरुणाला सापडावी, यासाठी काय करावे लागते ते येथे सांगायचे आहे.

हा लेख चार-सहा घोडे बाळगणाऱ्या व्यावसायिकांसाठी आहे. कुणी मुलांना घोडेस्वारी शिकवतो, कुणी शनिवारी-रविवारी शहरातून येणाऱ्यांना रपेटीला नेतो, कुणी वरातीला घोडी पाठवतो, आणि बहुतेक जण वर्ष निभावण्यासाठी हे सगळेच थोडे थोडे करतात. पाचगणीच्या टेबल लँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी घोडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाईक समोर चालत येते. तेथे जागाच जाहिरात करते. सातारा-मेढा रस्त्यावर, कोरेगावकडे किंवा माण-खटावात तबेला असलेल्या माणसाचे तसे नसते. त्याच्या दारावरून कुणी सहज जात नाही, त्याला कुणीतरी शोधून काढावे लागते. म्हणून चित्रशोधाचा उपयोग पाचगणीपेक्षा त्यालाच अधिक आहे, असे माझे मत आहे.

आता ही साधने कोणती ते थोडक्यात पाहू. पिंटरेस्ट हे अमेरिकेत 2010 मध्ये सुरू झालेले माध्यम आहे. तेथे लोक आवडलेली चित्रे आपापल्या फलकांवर जमवून ठेवतात. एका चित्राला पिन म्हणतात आणि फलकाला बोर्ड म्हणतात. फोटोतील एखाद्या भागावर चौकट आखून त्यासारखे शोधण्याची सोय पिंटरेस्टने 2015 मध्ये आणली, आणि कॅमेरा समोरच्या वस्तूवर धरून शोधण्याची सोय 2017 मध्ये दिली. फोटोवरून शोधण्याचे गुगलचे साधन, गुगल लेन्स, हेही 2017 मध्येच आले. पडद्यावरील कोणत्याही वस्तूभोवती बोटाने वर्तुळ काढून शोधण्याची गुगलची सोय 2024 च्या जानेवारीत काही महागड्या मोबाइलवर प्रथम आली आणि नंतर इतर अनेक मोबाइलवर पसरली. आपल्याकडे पिंटरेस्टपेक्षा गुगल लेन्स अधिक लोकांना माहीत आहे, आणि फोटोसाठी इन्स्टाग्राम तर सर्वांनाच माहीत आहे. तरीही या लेखात पिंटरेस्टला अधिक जागा दिली आहे, कारण तेथे येणारा माणूस वेगळ्या मनःस्थितीत असतो.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. व्हॉट्सॲपचे स्टेटस चोवीस तासांनी नाहीसे होते. इन्स्टाग्रामवरची चित्रफीत पहिले काही दिवस फिरते आणि मग खाली ढकलली जाते. ती पाहणारा माणूस वेळ घालवण्यासाठी आलेला असतो आणि घोडा दौडताना पाहून त्याला आनंद झाला, तरी त्याला घोडा हवा असतोच असे नाही. पिंटरेस्टवर येणारा माणूस बहुधा काहीतरी ठरवत असतो. लग्नाची सजावट, मुलीचा वाढदिवस, उन्हाळ्याच्या सुट्टीतला बेत किंवा दोन दिवसांची सहल त्याच्या डोक्यात असते, आणि तो त्या कामासाठी चित्रे जमवत असतो. त्यामुळे तेथे टाकलेला फोटो शिळा होत नाही. कुणीतरी तो आपल्या बोर्डवर ठेवतो, तेथून दुसऱ्याला दिसतो, आणि आठ-दहा महिन्यांनी पुन्हा लग्नसराई आली की तोच फोटो पुन्हा वर येऊ शकतो. ज्या माणसाला रोज पहाटे उठून चंदी (घोड्याचा खुराक), खरारा (अंग घासून साफ करणे) आणि लीद काढणे यांतून मोबाइलकडे पाहायला फुरसत नाही, त्याला रोज नवी चित्रफीत मागणाऱ्या माध्यमापेक्षा एकदा नीट केलेले काम दीर्घकाळ वागवणारे माध्यम अधिक सोयीचे आहे.

यंत्र फोटो कसा पाहते

घोड्यांच्या बाजारातला जाणता सौदागर दुरून येणारे जनावर पाहतो आणि क्षणात सांगतो की हे अमक्या बांध्याचे आहे, याची मान तमक्या घोड्यासारखी आहे. त्याला त्या घोड्याचे नाव ठाऊक नसते, मालक ठाऊक नसतो. पण आयुष्यभर पाहिलेल्या हजारो घोड्यांच्या आठवणीत हा घोडा कुणाच्या शेजारी बसतो, हे त्याला कळते. चित्रशोधाचे यंत्र जवळजवळ हेच करते, फक्त आठवणींऐवजी ते आकड्यांचा वापर करते.

फोटो म्हणजे यंत्राच्या दृष्टीने रंगांच्या लहान ठिपक्यांची जाळी असते. ठिपक्याला ठिपका जुळवून पाहण्याचा काही उपयोग नसतो, कारण तोच घोडा दोन पावले पुढे गेला तरी सगळे ठिपके बदलतात. म्हणून यंत्राला लाखो-कोटी फोटो दाखवून शिकवले जाते, आणि शिकत शिकत ते पायरीपायरीने पाहू लागते: पहिल्या पायऱ्यांवर त्याला कडा आणि रंगांच्या सीमा दिसतात, पुढे पोत दिसतो, म्हणजे आयाळीचे केस वेगळे आणि चामड्याच्या खोगिराची चकाकी वेगळी, त्यापुढे कान, खूर, रिकीब (स्वाराने पाय ठेवायची कडी) असे आकार, आणि शेवटी घोडा, स्वार, डोंगर अशा वस्तू. ठिपक्यांच्या जाळीतून वस्तू ओळखण्याची ही पद्धत 2012 नंतर झपाट्याने सुधारली. सगळ्या पायऱ्या ओलांडल्यावर तो फोटो काहीशे किंवा हजारभर आकड्यांच्या एका माळेत बदलतो. एकसारख्या दिसणाऱ्या फोटोंच्या माळा एकमेकींच्या जवळच्या असतात. शोध म्हणजे विचारलेल्या फोटोच्या माळेजवळ आणखी कोणाकोणाच्या माळा आहेत ते पाहणे, एवढेच असते. फक्त ते कोट्यवधी माळांमधून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करायचे असते.

यातून तबेलेवाल्याच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की यंत्र फोटोतील वस्तू वेगवेगळ्या ओळखते. एका फोटोत घोडा, मुलाच्या डोक्यावरचे हेल्मेट, मागची मोटारसायकल, निळे प्लास्टिकचे पिंप आणि वाळत घातलेले कपडे असतील, तर ती माळ या सगळ्यांची मिसळ होते आणि फोटो नेमका कशाचा आहे हे यंत्राला ठामपणे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की जे दिसत नाही ते यंत्राला कळत नाही. घोडी शांत स्वभावाची आहे, फटाक्यांच्या आवाजाला सरावलेली आहे, सहा वर्षांच्या मुलाला तिच्यावर विश्वासाने बसवता येते, तबेला साताऱ्यापासून किती अंतरावर आहे, यांतले काहीच फोटोच्या ठिपक्यांत नसते. ते शब्दांनीच सांगावे लागते, आणि शोधयंत्रेही चित्राबरोबर शब्द वाचतात: फोटोचे शीर्षक, वर्णन, बोर्डाचे नाव, फोटो ज्या पानाशी जोडला आहे त्या पानावरचा मजकूर.

पिंटरेस्टच्या बाबतीत एक तिसरा धागाही असतो आणि तो फारसा कुणी लक्षात घेत नाही. एखादा फोटो लोकांनी कोणत्या बोर्डांवर आणि कोणत्या फोटोंच्या शेजारी ठेवला, यावरूनही त्याचा अर्थ लावला जातो. पिंटरेस्टच्या अभियंत्यांनी चित्र, शब्द आणि हे शेजार एकत्र मोजण्याची आपली पद्धत 2018 मध्ये जाहीरपणे मांडली होती. सजवलेल्या घोडीचा तुमचा फोटो अनेकांनी लग्नाच्या मंडपाच्या आणि फेट्यांच्या फोटोंशेजारी ठेवला, तर यंत्राच्या लेखी तो प्राण्याचा फोटो राहत नाही, तो लग्नाच्या तयारीचा फोटो होतो. म्हणून आपल्या बोर्डांची मांडणीही गिऱ्हाइकाच्या बेताप्रमाणे असावी. 'आमचे घोडे' या नावाच्या एकाच बोर्डात शंभर फोटो भरण्यापेक्षा 'वरातीच्या घोडीची सजावट', 'मुलांचे घोडेस्वारी शिबिर, सातारा', 'सह्याद्रीत घोड्यावरून रपेट' अशी वेगळी बोर्डे करणे कितीतरी चांगले.

फोटो काढताना

पिंटरेस्टवर उभा फोटो चांगला बसतो. रुंदीला दोन तर उंचीला तीन हे प्रमाण, म्हणजे 1000 बाय 1500 ठिपके, हे तेथले सर्वमान्य माप आहे. येथेच घोड्याची अडचण होते, कारण बाजूने पाहिलेला घोडा आडवा असतो. उभ्या चौकटीत तो बसवायला गेले की वर आकाश, खाली माती आणि मध्ये लहानसा घोडा असे चित्र तयार होते. यावर उपाय घोड्यातच आहे. पाठीवर स्वार बसला की आकृती उंच होते. घोड्याला थोडे तिरके, समोरून आणि जरा बाजूने घेतले की त्याची लांबी आकसते आणि छाती, मान व चेहरा उठून दिसतो. लगाम हातात धरून घोड्याशेजारी उभे राहिलेले मूल, किंवा नुसती मान आणि आयाळ, हेही उभ्या चौकटीत सुरेख बसते. विक्रीसाठी किंवा जातीची ओळख सांगण्यासाठी संपूर्ण बाजूचा फोटो लागतोच. तो आडवा काढून आपल्या संकेतस्थळावर ठेवावा.

मोबाइल घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरावा. माणूस उभा राहून वरून फोटो काढतो तेव्हा डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, आणि जवळ जाऊन काढले की मोबाइलच्या रुंद भिंगामुळे नाक फुगलेले दिसते. आठ-दहा पावले मागे जाऊन दुप्पट जवळ आणणारे भिंग वापरले की बांधा खरा येतो. भर दुपारी काळ्या किंवा गडद कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याचा फोटो काढला तर अंगाचा नुसता काळा डाग उमटतो. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर काढावा, आणि पडद्यावर घोड्याच्या मानेवर बोट ठेवून उजेड तेथे जुळवून घ्यावा. पांढऱ्या नुकऱ्या घोड्याचे उलटे असते. त्याच्या बाबतीत उजेड थोडा कमी केला नाही तर अंगावरचे सगळे बारकावे पुसले जातात. कान मागे पडलेला घोडा फोटोत रागीट किंवा थकलेला दिसतो. त्यासाठी फोटो काढणाऱ्याच्या मागे मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, उभे राहून चंदीचा डबा वाजवावा. कान पुढे येतात आणि डोळे जागे होतात. हे दोन सेकंदच टिकते, म्हणून एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ठेवावेत.

रंग बदलणाऱ्या फिल्टरांविषयी मी आग्रहाने सांगेन की ते वापरू नयेत. फिल्टरने कुमैत घोडा केशरी होतो आणि अबलखाचे, म्हणजे दोन रंगांच्या घोड्याचे, पांढरे पट्टे निळसर होतात. यंत्र रंगही मोजते, त्यामुळे तसा घोडा शोधणाऱ्याच्या रांगेतून तुमचा फोटो बाहेर पडतो. आणि जो तरीही येतो, त्याच्यासमोर वेगळ्याच रंगाचे जनावर उभे राहते. संगणकाने बनवलेल्या घोड्यांच्या चित्रांनाही हेच लागू आहे. अशा चित्रांचा पिंटरेस्टवर इतका सुळसुळाट झाला की 2025 मध्ये पिंटरेस्टने त्यांच्यावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली. ज्याच्याकडे खरा घोडा आणि खरा अजिंक्यतारा आहे, त्याने खोटे चित्र टाकण्याचे काहीच कारण नाही.

पार्श्वभूमी ही आपल्या भागाची मोठी संपत्ती आहे. यवतेश्वराच्या बाजूचा घाट, उसाची शेते, काळ्या दगडाचे बांध, पावसाळ्यात हिरवे झालेले डोंगर हे सगळे फोटोला ठिकाण देतात. मात्र त्या पार्श्वभूमीने खोटे आश्वासन देता कामा नये. माझ्या परिचयातील एका तबेल्याने सप्टेंबरमध्ये कासच्या फुलांचे फोटो आपल्या घोड्यांच्या फोटोंसोबत एकाच बोर्डात लावले, आणि पुढचे दोन महिने लोक फोन करून कासच्या पठारावर घोड्यावरून फिरवाल का, असे विचारत राहिले. कास पठार हा 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, फुलांच्या हंगामात तेथील प्रवेशावर नियंत्रण असते आणि फुलांमधून घोडे नेणे कोणत्याही अर्थाने योग्य नाही. प्रत्येक विचारणाऱ्याला नकार देण्यात त्या मालकाचा वेळ गेला, आणि नकार ऐकलेल्यांपैकी जवळजवळ कुणीही दुसऱ्या रपेटीसाठी आले नाही. ज्या वाटेवर आपण खरोखर नेतो, त्याच वाटेचा फोटो टाकावा.

फोटोत जनावराची निगाही दिसते, आणि आता ती पूर्वीपेक्षा अधिक दिसते, कारण पाहणारा बोटांनी चित्र मोठे करून पाहतो. फासळ्या दिसणारा घोडा, तंग (खोगीर बांधायचा पट्टा) घासून पडलेले व्रण, वाढलेले खूर, लहान तट्टावर बसलेला वजनदार माणूस, या गोष्टी जाणकार लगेच टिपतो आणि आईवडील त्याहून लवकर टिपतात. अशा वेळी फोटो लपवण्यापेक्षा नालबंदाला आणि पशुवैद्यकाला बोलवावे. शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे. हेल्मेट नसलेला फोटो कितीही सुंदर आला तरी टाकू नये, कारण तो फोटो पाहून येणारे पालक तेथे मुलांना बिनहेल्मेट बसवतात असाच अर्थ काढतील.

शब्द

शीर्षकाला पिंटरेस्टवर शंभर अक्षरांची मर्यादा आहे, आणि यादीत त्यातला सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणून काय आणि कोठे हे आधी यावे: 'साताऱ्यात मुलांसाठी घोडेस्वारी शिबिर' हे शीर्षक चांगले, 'स्वप्नांना पंख देणारा अनुभव' हे निरुपयोगी, कारण असे कुणी शोधत नाही. वर्णनात दोन-तीन पूर्ण वाक्ये असावीत आणि त्यांत यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टी याव्यात: घोडीचा स्वभाव, शिकवण्याची वयोमर्यादा, एका फेरीचा वेळ, पुण्याहून सातारा सुमारे 110 किलोमीटर आहे आणि तबेला महामार्गापासून किती आत आहे, वगैरे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे जरा गुंतागुंतीचा आहे. तोच माणूस कधी मराठीत 'घोडेस्वारी' लिहितो, कधी तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितो, आणि कधी सरळ 'हॉर्स रायडिंग निअर सातारा' असे शोधतो. एकाच वर्णनात तिन्ही ठिगळे लावली तर ते वाचवत नाही. त्यापेक्षा काही फोटोंचे वर्णन मराठीत आणि काहींचे इंग्रजीत लिहावे. शिबिराचे दोन्हीत लिहावे, कारण पालक दोन्ही भाषांत शोधतात. तबेल्यातले शब्द आणि घरातले शब्द दोन्ही वापरावेत. 'झूल' लिहावे आणि त्याच वाक्यात 'घोडीच्या पाठीवरचे सजावटीचे कापड' असेही लिहावे, म्हणजे जाणत्यालाही सापडेल आणि लेखाच्या सुरुवातीच्या त्या तरुणालाही सापडेल. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा, लग्नासाठी मुद्दाम मागणारी कुटुंबे आपल्याकडे आहेत. ज्याच्याकडे तसा घोडा आहे त्याने तो शब्द लिहायलाच हवा, कारण यंत्राला पांढरे पाय दिसतील, पण त्यामागची श्रद्धा त्याला दिसणार नाही.

जातीविषयी विशेष काळजी घ्यावी. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले असतात आणि त्यांचे फोटो जगभर पसरलेले असल्याने चित्रशोधाला ते चटकन सापडतात. आपल्या भीमा खोऱ्यातल्या भीमथडी घोड्याचे फोटो त्या मानाने फार थोडे आहेत. धनगर बांधव मेंढरांबरोबर संसार वाहून नेण्यासाठी जी काटक तट्टे वापरतात ती याच वंशातली, मराठ्यांच्या घोडदळाशी या वंशाचे नाव जोडलेले आहे, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. माण-खटावातल्या किंवा शेजारच्या आटपाडीतल्या एखाद्या तबेल्याकडे खरे भीमथडी जनावर असेल, तर त्याचे स्पष्ट, चारही बाजूंनी काढलेले आणि नीट नाव दिलेले फोटो ही केवळ जाहिरात ठरत नाही. त्या जातीचा शोध घेणाऱ्याला पुढे जे सापडेल ते याच फोटोंतून सापडेल. मात्र जात नक्की माहीत नसेल तर नुसते 'देशी घोडा' लिहावे.

फोटोवरून तबेल्यापर्यंत

पिंटरेस्टवर व्यवसायाचे खाते विनामूल्य उघडता येते आणि त्यात किती जणांना फोटो दिसला, किती जणांनी तो ठेवून घेतला आणि किती जण पुढच्या पानावर गेले, हे आकडे पाहता येतात. फोटोला जोडलेले हे पुढचे पान नसेल तर मात्र सगळी मेहनत अर्ध्यावर थांबते. मोठे संकेतस्थळ लागत नाही. गुगलच्या विनामूल्य सोयीने बनवलेले एकच पान पुरते. त्यावर दर, वेळा, वयाची आणि वजनाची मर्यादा, पावसाळ्यात रपेटी बंद असतील तर तसे, दूरध्वनी क्रमांक आणि नकाशा असावा. तेच फोटो त्या पानावरही ठेवावेत, प्रत्येकाखाली एक ओळ लिहावी, आणि फाइलला कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांऐवजी 'घोडेस्वारी-सातारा-शिबिर' अशा अर्थाचे नाव इंग्रजी अक्षरांत द्यावे, कारण फोटोजवळचा मजकूर, त्याचे पर्यायी वर्णन (फोटो दिसला नाही तर त्याजागी येणारा मजकूर) आणि फाइलचे नाव यांवरून गुगल फोटोचा विषय समजून घेते. त्याबरोबर गुगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद करावी; तीही विनामूल्य आहे, आणि पुण्याहून निघालेली गाडी शेवटी तिच्याच भरवशावर तबेल्याच्या फाटकाशी पोहोचते.

वेळेबाबत एक गोष्ट सतत विसरली जाते. ठरवणारी माणसे आधी ठरवतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, म्हणून वरातीचे फोटो गणपतीच्या सुमारास टाकलेले असावेत. उन्हाळी शिबिराचे फोटो मुलांच्या परीक्षा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, टाकलेले असावेत. अर्थात त्यासाठी ते फोटो मागच्या हंगामातच काढून ठेवावे लागतात. एकाच दिवशी चाळीस फोटो टाकण्यापेक्षा आठवड्याला दोन-तीन टाकणे निभावणारे आहे.

दुसऱ्यांच्या फोटोंविषयी

लग्नात छायाचित्रकाराने काढलेला घोडीचा फोटो सर्वांत देखणा असतो आणि तो वापरण्याचा मोह होतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे छायाचित्रकार 'घ्या, वापरा' म्हणाला तरी ते पुरेसे नाही. ज्या कुटुंबाने त्याला पैसे दिले त्यांना विचारले पाहिजे, आणि फोटोत नवरदेवाचा चेहरा असेल तर सभ्यतेचाही तोच तकाजा आहे. घोडी ठरवतानाच्या पावतीवर 'आमच्या लग्नातील घोडीचे फोटो तबेल्याने वापरण्यास आमची हरकत नाही' अशी ओळ ठेवून सही घेतली, तर पुढचा प्रश्न मिटतो. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घेतल्याशिवाय चेहरा दिसणारा एकही फोटो टाकू नये; पाठमोरे मूल, हेल्मेट आणि घोड्याची मान एवढ्यानेही शिबिराचा फोटो उत्तम होतो.

चित्रशोध मालकाच्याही उपयोगी पडतो. आपल्या घोडीचा फोटो महिन्यातून एकदा गुगल लेन्समध्ये घालून पाहावा. तो दुसऱ्याच कुणाच्या नावाखाली दिसला, तर बहुधा कुणीतरी त्या फोटोवर वरातीसाठी आगाऊ रक्कम गोळा करत असतो, आणि फसलेले कुटुंब शेवटी तुमच्याच दारात येते. अशा वेळी मूळ फोटो मोबाइलमध्ये तारखेसह असला की माध्यमाकडे तक्रार करणे सोपे जाते, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये.

शेवटी हिशेबाची गोष्ट. पडद्यावर दिसणारे आकडे लवकर फुगतात. पाच हजार जणांना फोटो दिसला याचा अर्थ पाच हजार गिऱ्हाइके असा होत नाही. फोटो ठेवून घेणाऱ्यांचा आणि पुढच्या पानावर जाणाऱ्यांचा आकडा अधिक खरा असतो, आणि त्याहून खरी असते तबेल्यातली वही. फोन करणाऱ्या प्रत्येकाला 'आमचा पत्ता कोठून मिळाला' हे विचारावे, आणि त्याने फोटो पाहिला असे सांगितले तर कोणता फोटो, कोणत्या रंगाचा घोडा, हेही विचारून तारखेपुढे लिहून ठेवावे. पहिले तीन-चार महिने त्या रकान्यात बहुतेक 'बँडवाल्याकडून', 'मंडपवाल्याकडून' आणि 'पाहुण्यांकडून' असेच येईल. तसे आले म्हणून फोटो टाकणे थांबवू नये, कारण गणपतीत टाकलेल्या फोटोचे उत्तर पुष्कळदा मार्गशीर्षात येते आणि कधी कधी पुढच्या वर्षीच्या वैशाखात. एक संपूर्ण लग्नसराई आणि एक उन्हाळी सुट्टी एवढे झाल्यावर वही उघडून पाहावी, आणि ज्या घोड्याच्या, ज्या वाटेच्या फोटोचे नाव त्यात पुन्हा पुन्हा आले असेल, पुढच्या हंगामाचे फोटो काढायला तेथूनच सुरुवात करावी.